चारात एकदा

इंदूर, २८ ऑगस्ट

स्वानंदी,

आशीर्वाद नंतर, आधी भांडण. दहा महिन्यांत तुझं एक कार्ड आलं, त्यात पाच ओळी, आणि त्या पाच ओळींत तू मला थेट पत्ते खेळायला बसवलंस. मी तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. इस्पिक आणि किलवर यांतलं काढायला सोपं कुठलं, ते मला विचार. पत्त्यांतलं बाकी काहीही विचारू नकोस.

कार्ड मी गणपतीच्या मखरामागे ठेवलं आहे. हे, म्हणजे तुझे आबा, दोन्ही वेळा आरतीला तिथेच उभे असतात, पण मखरामागे बघायची त्यांची पद्धत नाही. मला ते आता पाठ झालंय. "आई, या पाडव्याला आबांसमोर माझ्या जागी तू बस. जिंकलीस तर मी घरी येईन. हरलीस तर मी पुन्हा कधी डाव मागणार नाही. इथे पाच वर्षांचं काम मिळतंय, मग इथलीच होईन." आणि शेवटी "काळजी घे". ती कशी घ्यायची, ते लिहायला जागा उरली नसेल.

गेल्या पाडव्याला काय झालं ते तुम्ही दोघं आपापल्या परीने सांगता. मी स्वयंपाकघराच्या दारात हातात झारा घेऊन उभी होते, मला कुणी विचारलंच नाही. म्हणून माझी बाजू लिहिते.

या घराण्याची ही रीत मी लग्न होऊन आले तेव्हा मला गंमतच वाटली होती. वर्षभर दोघांचं एखाद्या गोष्टीवरून पटलं नाही तर पाडव्याला समोरासमोर बसायचं आणि डाव लावायचा. पैसा नाही, शब्द लावायचा. जो हरेल त्याने पुढच्या पाडव्यापर्यंत अवाक्षर काढायचं नाही. होळकरांच्या फौजेतली माणसं, तलवारी म्यानात ठेवायला हा उपाय त्यांना बरा पडला असेल. आपल्या घराला तो भयंकर पिवळा रंग लागला तोही अशाच एका डावात. तू पुण्याच्या हॉस्टेलमधून पोकर शिकून आलीस आणि आबांना तर खजिनाच सापडला. प्रत्येकाला दोन झाकली पानं, मधे पाच उघडी, ज्याचं चांगलं जुळेल तो जिंकला, आणि त्याआधी प्रत्येक पावलावर हिशोब. विमा कंपनीत आयुष्यभर कोण कधी मरेल याचा हिशोब केलेला माणूस, त्याला आणखी काय हवं?

तू म्हणालीस, ओडिशाला समुद्रावर जाते, कासवं मोजायचं काम आहे. आबा म्हणाले, बँकेतली पक्की नोकरी सोडून? डाव लागला. तू जिंकलीस तर ते हसतमुखाने स्टेशनवर येणार. ते जिंकले तर तू एक काहीतरी सोडायचं, ती कासवं किंवा हे घर. हा शब्द त्यांनीच लावला. त्यांना वाटलं, घर कोण सोडतं?

पैशांच्या जागी मोजायला ठेवलेले सगळे चिंचोके तू पुढे लोटलेस. ते छताकडे बघत हिशोब करत बसले आणि "घेतलं" म्हणत तेवढेच त्यांनीही लावले. त्यांचा एक्का आणि अठ्ठी, तुझा राजा आणि दश्शी. मधल्या पाच पानांत कुणाचंच काही जुळलं नाही आणि एक्का मोठा ठरला. तू उठलीस आणि घर सोडलंस. ते चिंचोके डब्यात भरत राहिले. तो डब्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

फोनवर हे बोलता येत नाही. तुझ्याकडे पाण्याच्या टाकीवर चढल्याशिवाय रेंज नसते आणि इथे मी फोन घेतला की आबा शेजारी पेपर उघडून बसतात. मग तू म्हणतेस "जेवलीस का" आणि मी म्हणते "हो". म्हणून पत्र.

बसेन मी. नाही म्हणायची सोय तू ठेवली आहेस कुठे?

आई

इंदूर, १२ सप्टेंबर

स्वानंदी,

यांना सांगितलं. भाजी निवडता निवडता सांगितलं, म्हणजे फार मोठी गोष्ट वाटू नये. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"हां तो? नियमात बसतं," म्हणाले. "मोहिमेवर गेलेल्याच्या जागी घरातलं कोणी भी बसू शकतं. पण सोच लो, मधुरिमाजी. डाव म्हणजे डाव. समोर बायको आहे म्हणून मी पानं टाकणार नाही."

"मी कुठे म्हटलं टाका?"

"आधीच सांगून ठेवतो."

ते हरले तर तू कासवं न सोडता घरी येणार आणि जिंकले तर काय, हे मी तुझ्या शब्दांत सांगितलं. पुन्हा कधी डाव मागणार नाही, हेही. ते उठून बाजारात कोथिंबीर आणायला गेले. कोथिंबीर घरात होती.

आता शिकायचं कुणाकडे? वरच्या मजल्यावर क्षितिजा नावाची मुलगी भाड्याने राहते, साताऱ्याची. इथल्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. इंदूरला येऊन दोन वर्षं झाली तरी पोह्यांवर शेव दिसली की बिचारी अजून दचकते. पितृपंधरवड्यात खाली पत्त्यांना हात लावलेला आबांना चालत नाही, म्हणून मी दुपारी तिच्याकडे वर जाते. तिने पहिल्याच दिवशी मला सगळं सांगून टाकलं आणि मी ते अजून शिकते आहे.

"काकू, सोपं आहे," ती म्हणाली. "समजा मधे सात चिंचोके आहेत. खेळात राहायचं तर तुम्हाला तीन टाकावे लागतील. जिंकलात तर दहा तुमचे. म्हणजे असं दहा वेळा झालं आणि तीनदा जिंकलात तर ना नफा ना तोटा. त्याहून जास्तदा जिंकणार असाल तर घ्यायचं, कमी असेल तर पानं टाकायची. समोरच्याने सगळं लोटलं की फक्त एवढंच विचारायचं, मला किती टाकायचेत आणि एकूण किती होतील."

"आणि मी कितीदा जिंकणार ते कसं कळणार?"

"तेच तर अवघड आहे," म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

रात्री जेवताना मी यांना म्हटलं, गेल्या वर्षीचा हिशोब मला समजावून सांगा. किती खुलले! "हे बघा, मला नऊ टाकायचे होते. मधे अकरा होते. एकूण वीस. विसात नऊ, म्हणजे शंभरात पंचेचाळीस लागत होते. पानं उघडली तर माझ्याकडे सत्तावन्न निघाले. कोणी भी घेतलं असतं." हे वाक्य त्यांनी दूधवाल्यालाही ऐकवलं आहे. तो म्हणतो, "सही है भिया," आणि दूध मोजतो.

मी विचारलं, "त्या अकरांत स्वानंदी धरली होती का?"

त्यांनी ताटातलं संपवलं. ताक घेतलं नाही.

मला राग येतो, बाळा. दोघांचाही येतो. पण तुझा आला की लगेच काळजी वाटते आणि यांचा आला की येतच राहतो.

आई

इंदूर, ३० सप्टेंबर

स्वानंदी,

मी फार वाईट खेळते. तुला मागच्या पत्रात "शिकते आहे" असं लिहिलं ते तुझ्या समाधानासाठी.

दुसरा धडा असा. राजा आणि गुलाम हातात आले तर ते कुठल्याही अनोळखी पानांसमोर शंभरात साठदा जिंकतात. मी खूश झाले. मग क्षितिजाने विचारलं, "पण काकू, समोरच्याने अनोळखी पानांवर लोटलंय का? त्याने आपली पानं बघून लोटलंय. तो फक्त एक्का किंवा जोडी आली तरच लोटणारा माणूस असेल, तर तुमचे साठ राहतात का?" नाही राहत. चाळिसाच्या आसपास येतात. पानं तीच, राजा आणि गुलाम, पण समोर कोण बसलंय यावर त्यांची किंमत ठरते.

म्हणजे पानं वाचायची नाहीत, माणूस वाचायचा. आणि इथेच मी मेले.

परवा, नवरात्रात, यांच्याबरोबर सरावाचा एक डाव टाकला. त्यांनीच म्हटलं, "या, हात साफ करून घ्या." मला दोन एक्के आले. दोन! क्षितिजा म्हणते याहून चांगलं काही येतच नाही. मी अगदी शांतपणे, पदराने वारा घेत, चार चिंचोके पुढे सारले. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नीट नाही आणि पानं टाकून दिली.

"का टाकलीत?"

"एक्के आले ना? कान लाल झाले तुमचे."

लग्नाला एकतीस वर्षं झाली. या माणसाला माझे कानसुद्धा पाठ आहेत. मी त्यांच्यासमोर कधी साडीची खरी किंमत लपवू शकले नाही, आता तुझ्यासाठी पानं कुठून लपवू?

आणखी एक सांगायचं की नाही, ठरत नव्हतं. सांगते. काल चहा पिताना ते अचानक म्हणाले, "कासवीण एका वेळी शंभरेक अंडी घालते. त्यातलं हजारात एक मोठं होतं म्हणे. क्या धंदा है! असल्या आकड्यावर कोणी सगळं लावतं का?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"वाचलं कुठेतरी."

पेपर आपल्याकडे एकच येतो आणि तो मीही वाचते. त्यात कासवं आली नव्हती. मी म्हटलं, "कासवीण मोजत बसत नसेल." ते म्हणाले, "म्हणूनच तर मोजायला आपली पोरगी लागते." मग कप विसळायला उचलून नेला. स्वतः नेला.

यातून काही अर्थ काढू नकोस. मी काढला आणि रात्रभर जागी राहिले, आणि सकाळी ते पुन्हा पंचेचाळीस आणि सत्तावन्नवर आले.

आई

इंदूर, १३ ऑक्टोबर

स्वानंदी,

काल बातम्यांत म्हणाले, तुझ्या बाजूच्या समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार होतो आहे. तू ठीक आहेस का? तुझा फोन लागत नाही. एक शब्द पाठव, कुणाच्याही फोनवरून पाठव. टाकीवर मात्र चढू नकोस, वारा असेल.

आबांनी टीव्हीचा आवाज वाढवला. मी विचारलं, काय बघताय? "मौसम का हाल. या पावसात सोयाबीनचं काय होतं ते बघतो." आपलं कुठे सोयाबीन आहे, स्वानंदी? आपल्याकडे गच्चीत चार कुंड्या आहेत.

आता खेळाचं. क्षितिजाने माझा खेळ बघून हात टेकले. म्हणाली, "काकू, काकांशी डाव लांबवत खेळाल तर ते तुम्हाला हळूहळू संपवतील. त्यांना जास्त येतं. ज्याला कमी येतं त्याने एकच करायचं, मधली पानं उघडायच्या आधीच सगळे चिंचोके लोटून द्यायचे. मग काकांची सगळी हुशारी दोनच शब्दांवर येते, घेतलं किंवा टाकलं." मला ते आवडलं. भांडणात मी तेच करते.

"पण चांगली पानं आली तरच लोटा," ती म्हणाली.

"चांगली आली की माझे कान लाल होतात."

तेव्हाच मला सुचलं. मी पानं बघणारच नाही. दोन पानं समोर येतील, तशीच पालथी राहतील, आणि मी सगळं लोटेन. दर वेळी. मला जे माहीतच नाही ते माझ्या तोंडावर कसं दिसेल?

क्षितिजा घाबरली. "काकू, मग त्यांना कळेल की तुमच्याकडे काहीही असू शकतं. ते वाईट पानं टाकतील आणि निम्म्याहून बऱ्या पानांवर घेतील. आणि घेतलं की तुमच्याकडे उरले शंभरात चाळीस."

"बघितली तर माझ्याकडे शून्य आहे," मी म्हटलं.

खेळाचे नियम मी त्यांच्याकडून पक्के करून घेतले आहेत. प्रत्येकी वीस चिंचोके. प्रत्येक डावाला दोघांनी एकेक आधी मधे ठेवायचा. ज्याचे संपतील तो हरला. पत्ते वाटायला बाहेरचं माणूस लागतं, ती क्षितिजा. पहिल्याच डावात मी लोटलं तर त्यांना एकोणीस टाकून एकवीस मिळतील, म्हणजे शंभरात साडेसत्तेचाळीस लागतील. बघ, मला येतं आता. पण येऊन उपयोग काय? हा हिशोब घेणाऱ्याने करायचा असतो आणि मी तर लोटणारी आहे.

शंभरात चाळीस म्हणजे शंभरातल्या साठ वेळा तू परत येत नाहीस. मी पोळ्या लाटते आणि ते साठ मोजते. दळण आणायला जाते तरी तेच. क्षितिजा म्हणते, "काकू, हा आकडा पुष्कळ डाव खेळले तर खरा असतो." माझ्याकडे एकच आहे.

स्वानंदी, तो "पुन्हा कधी" शब्द परत घे. डाव राहू दे, अट राहू दे, पण हरले तर पुढच्या वर्षी आपण पुन्हा मागू, एवढं लिहून पाठव. मी आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही.

आई

इंदूर, २१ ऑक्टोबर

स्वानंदी,

तुझा निरोप आला, "सुखरूप आहे." दोन शब्द. बाकी कशाचंच उत्तर नाही. म्हणजे शब्द परत घेतला नाहीस. बापाची मुलगी आहेस.

वादळ दुसरीकडे वळलं ते यांनी मला येऊन सांगितलं, मी विचारलं नव्हतं.

आज सियागंजमधून पत्त्यांचा नवा जोड आणला. दुकानदार म्हणाला, "क्या काकी, दिवाली में पार्टी-वार्टी?" मी हो म्हटलं. चिंचोके धुऊन वाळवले. चकली बिघडली, मोहन जास्त झालं. लक्ष नव्हतं.

तुला एक खरं सांगते, कारण उद्या काय होईल माहीत नाही आणि नंतर मी हे लिहिणार नाही. मला यांची भीती वाटते. मारतील-ओरडतील अशी नाही, तसे ते कधीच नव्हते. उद्या चांगली पानं आली तर ते घेतील, कारण घेणं बरोबर असेल, आणि मग आयुष्यभर मला समजावतील की ते बरोबर होतं. आणि ते खरंच बरोबर असेल. अशा माणसाबरोबर मी त्यानंतर एका घरात कशी राहू, ते मला कळत नाही. त्यांना वाढेन, त्यांचे कपडे वाळत घालीन, आणि माझ्या आत काहीतरी बंद होऊन जाईल. तुझ्याबरोबर ते मलाही पणाला लावतायत, हे त्यांना माहीत नाही.

झोपते.

आई

इंदूर, २३ ऑक्टोबर, भाऊबीज

स्वानंदी,

सावकाश वाच. मी सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर माझाच विश्वास बसणार नाही.

काल सकाळी यांना ओवाळलं. ताटात त्यांनी नेहमीसारखं पाकीट टाकलं आणि नेहमीसारखंच म्हणाले, "उघडून बघा, कमी असेल तर सांगा." जेवणं झाली. दुपारी बैठकीच्या खोलीत सतरंजी टाकली. क्षितिजा मधे बसली, आम्ही दोघं समोरासमोर. एकतीस वर्षांत मी त्यांच्यासमोर अशी, मधे काही वाढायचं नसताना, कधी बसले होते आठवत नाही.

पहिली दोन पानं आली. मी हात लावला नाही. सगळे चिंचोके दोन्ही हातांनी पुढे लोटले.

आबा माझ्याकडे बघत राहिले. "देखा नहीं?"

"नाही."

"पानं तर बघा, मधुरिमाजी."

"नियमात आहे का बघायलाच पाहिजे असं?"

नव्हतं. त्यांनी आपली पानं कोपऱ्यातून उचलून बघितली, छताकडे बघितलं आणि पालथी टाकली. "पानं नाहीत." त्यांचा एक चिंचोका माझ्याकडे आला.

दुसऱ्या डावालाही मी लोटलं. "पानं नाहीत." तिसऱ्यालाही. दर वेळी ते पानं उचलत, तेव्हा मी त्यांच्या बोटांकडे बघायचे आणि मनात म्हणायचे, आता घेतील. आता म्हणतील, घेतलं. आणि ते म्हणायचे, "पानं नाहीत," आणि क्षितिजा पुन्हा पिसायची.

मला वाटलं, नशिबाने यांना खरंच पानं येत नाहीत. सहा-सात डाव तसं होऊ शकतं. मी गणपतीला काय काय बोलले ते विचारू नकोस. त्यांच्याकडे दहा उरले तेव्हा मी हिशोब केला, आता नऊ टाकून अकरा मिळतात. शंभरात पंचेचाळीस. गेल्या वर्षीचाच भाव. त्यांच्याही ते लक्षात आलं असणार, कारण त्या वेळी त्यांनी पानं बघायला जरा वेळ लावला.

"पानं नाहीत."

क्षितिजाने माझ्याकडे बघितलं. मग खाली बघितलं. तिला तेव्हाच कळलं होतं, ती नंतर म्हणाली. मला नाही कळलं. मी घाबरलेली होते, आणि घाबरलेल्या माणसाला समोरचं दिसत नाही. मला फक्त एवढं दिसत होतं की त्यांचे चिंचोके जितके कमी होतायत तितकं घेणं स्वस्त होत चाललंय. पाच उरले तेव्हा चार टाकून सहा. शंभरात चाळीस पुरे. आता तर घेणारच. एकदा घेतलं, जिंकले, की दुप्पट. मग पुन्हा दुप्पट. अशाने सगळं फिरतं, क्षितिजाने मला दाखवलं होतं.

"पानं नाहीत."

शेवटी त्यांच्याकडे दोन राहिले. एक त्यांनी मधे ठेवला, एक समोर उरला. माझाही एक मधे गेला. पानं आली. मी लोटलं.

आणि मी सवयीने हिशोब केला. त्यांना एक टाकायचा. मधे त्यांचा एक, माझा एक, आणि माझ्या लोटलेल्यातला एक, असे तीन मिळणार. एकूण चार. चारात एक. चार वेळांत एकदा जिंकलं तरी पुरे. आणि न बघितलेल्या पानांसमोर चारात एकदा तर काहीही जिंकतं, स्वानंदी. दुर्री-तिर्री असली तरी शंभरात बत्तीसदा जिंकते. टाकावं असं एकही पान त्या बावन्नात नाही. हे क्षितिजाला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि विमा कंपनीत आयुष्य काढलेल्या त्या माणसाला तर झोपेतही माहीत असणार.

त्यांनी पानं उचलून बघितली. या वेळी छताकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं.

"पानं नाहीत," म्हणाले.

मला एकदम सगळं कळलं, मागचे सगळे डाव कळले. ते दुपारभर माझ्यासमोर बसून खोटं बोलत होते. हा माणूस, ज्याने भाजीवाल्यालासुद्धा कधी चुकीची बेरीज करू दिली नाही, तो माझ्यासमोर एकामागून एक चुकीचे हिशोब करत होता, आणि त्याच्या तोंडावर काही दिसत नव्हतं. मी तीस वर्षं मुलांना चेहरे काढायला शिकवले. मला दिसायला हवं होतं.

उरलेला शेवटचा चिंचोका त्यांनी बोटाने माझ्याकडे ढकलला. "एकाचं काय खेळायचं? जीत गईं आप." गुडघ्यावर हात ठेवून उठले. "कळवा तिला. डाकेनं कळवा, फोनवर तुम्ही रडाल."

मी तिथेच रडायला लागले होते. क्षितिजा चहाचं निमित्त काढून वर पळाली. ते दारात थांबले, पाठ माझ्याकडे, आणि म्हणाले, "हजारात एकच वाचतं म्हणे. मग तिथे कोणीतरी मोजायला पाहिजेच." मग गच्चीत कुंड्यांना पाणी घालायला गेले. सकाळी मी घातलं होतं.

टाकलेली पानं बघायची नसतात, नियम आहे. मी नियम मोडला. पत्ते गोळा करताना त्यांची ती शेवटची दोन पानं उलटून बघितली. राण्या. दोन राण्या, एक बदामाची, एक इस्पिकची. अनोळखी पानांसमोर दोन राण्या शंभरात ऐंशीदा जिंकतात. मी त्या पदरात धरून कितीतरी वेळ बसून राहिले.

मी त्यांना काही विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. तू आलीस की तूही विचारू नकोस. पंचेचाळीस आणि सत्तावन्न ते तुला पुन्हा ऐकवतील, तेव्हा हो म्हण. मीही हो म्हणणार आहे, आणि ताकही वाढणार आहे.

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलं असशील. मी पत्ता शोधायला उठले तर म्हणाले, "द्या इकडे," आणि पिनकोडसकट सगळा लिहून टाकला, कुठेही न बघता.

ओवाळणी, फराळ, आशीर्वाद, सगळं इथे ठेवलंय. पाठवणार नाही. पाकिटात फक्त त्या दोन राण्या घातल्या आहेत. घरातल्या जोडात आता पन्नासच पानं उरली, तेवढ्यात डाव होत नाही. येताना घेऊन ये.

आई